वाढदिवसाला गाण्यातले ‘जुळे’ शोधायचे तर असे शोधा

आमच्या घरात गेली काही वर्षं एक खूळ आहे, ज्याचा वाढदिवस असेल त्याच्याच तारखेला जन्मलेल्या गायक, वादक, संगीतकार, प्रोड्युसर अशा सगळ्यांची गाणी त्या रात्री लावायची. खर्च शून्य आणि घरातली पोरं-म्हातारी एका खोलीत दोन तास बसतात, पुण्यात एवढं झालं तरी खूप झालं. दोनचार जणांनी विचारलं कसं करता, म्हणून लिहितोय, आणि मी जिथे तोंडावर आपटलो तिथूनच सुरुवात करतो.

सासऱ्यांची पंचाहत्तरी, ३१ जुलै. सकाळी फॅमिली ग्रुपवर मोहम्मद रफींचा फोटो आला होता, खाली ‘विनम्र अभिवादन’. मी म्हटलं वा, लॉटरीच लागली, संध्याकाळी चांगला माइक हातात घेऊन जाहीर केलं की बाबांचा आणि रफीसाहेबांचा वाढदिवस एकच! टाळ्या झाल्या. मग कोपऱ्यातून मामेसासरे शांतपणे म्हणाले, “जावईबापू, ३१ जुलैला रफी गेले. १९८० साली. जन्म २४ डिसेंबरचा.” आणि वर, “चालू द्या तुमचं.” हे ‘चालू द्या तुमचं’ ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल मला काय झालं असेल ते.

तर पहिलं काम हे, की तारीख जयंतीची आहे का पुण्यतिथीची ते बघा. ‘विनम्र अभिवादन’ दोन्हीला चालतं, फोटोला हार दोन्हीला असतो. त्यात आपल्याकडे पुण्यतिथीचंच महत्त्व जास्त, सवाई गंधर्व महोत्सव घ्या ना, भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या पुण्यतिथीनिमित्त सुरू केला, आज निम्मं पुणं डिसेंबरात शाल आणि थर्मास घेऊन तिथे असतं, पण सवाईंचा जन्म कधीचा विचारलं तर बहुतेक जण छताकडे बघतात. १९ जानेवारी १८८६. त्याच १९ जानेवारीला अमेरिकेत जॅनिस जॉप्लिन (१९४३) आणि डॉली पार्टन (१९४६) जन्मल्या. किराणा घराणं, रॉक आणि कंट्री (अमेरिकेतलं गावाकडचं संगीत) एका तारखेवर, म्हणजे बघा माल किती आहे, फक्त कोणी खणत नाही.

(३१ जुलैला खरं कोण, तर अहमत अर्तेगुन, १९२३, इस्तंबूल. ज्या अटलांटिक रेकॉर्ड्सने रे चार्ल्सला मोठं केलं ती कंपनी काढणाऱ्यांतला हा एक. शिवाय जॅझ पियानोवाला हँक जोन्स आणि गिटारवाला केनी बरेल. सासऱ्यांना पुढच्या वर्षी बरेल ऐकवला, म्हणाले “बरंय, झोप येते छान.”)

आता शोधायचं कुठे. विकिपीडियावर वर्षातल्या प्रत्येक तारखेचं स्वतंत्र पान असतं, मराठीतही आहे, त्यात जन्म आणि मृत्यू असे वेगळे भाग असतात, फक्त जन्म वाचायचा (हे मी आता डोळे फाडून बघतो). मराठी पानावर आपली माणसं सापडतात, इंग्रजी पानावर बाहेरची, म्हणून दोन्ही उघडा. तिथून नाव उचललं की थेट यादीत टाकायचं नाही, त्या माणसाच्या स्वतःच्या पानावर जाऊन तारीख परत बघायची. प्रोड्युसर मंडळी मात्र अशी पटकन सापडत नाहीत कारण त्यांच्या नावापुढे कधी डीजे लिहिलेलं असतं, कधी उद्योजक, कधी नुसतं गीतकार. आपल्याकडे संगीतकार म्हटलं की चाल लावणारा एवढंच डोक्यात येतं, पण स्टुडिओत बसून गाणं कसं वाजणार, काय ठेवायचं, काय काढायचं हे ठरवणारा माणूस वेगळा असू शकतो, मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ १९८२ चा, त्याचा प्रोड्युसर क्विन्सी जोन्स, जन्म १४ मार्च १९३३. असे लोक मुद्दाम शोधावे लागतात.

आणि मार्चमध्ये तर मजा आहे. १० मार्चला दोन तगडे प्रोड्युसर, रिक रुबिन १९६३ चा आणि टिंबालँड १९७२ चा. रुबिनने १९८४ साली कॉलेजच्या हॉस्टेलच्या खोलीतून डेफ जॅम नावाचं हिपहॉपचं लेबल सुरू केलं, आणि पुढे ह्याच माणसाने कंट्री गाणाऱ्या म्हाताऱ्या जॉनी कॅशला नुसत्या गिटारवर गायला बसवून त्याचं करिअर परत उभं केलं. टिंबालँडने २००१ साली रॅपर मिसी एलियटसाठी जे गाणं केलं त्यात चक्क तुंबी (पंजाबी एकतारी) आणि तबला आहे. आता ह्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ९ मार्चला कोण? उस्ताद झाकीर हुसेन, १९५१. माझ्या एका मित्राचा वाढदिवस १० चा, त्याच्याकडे आम्ही ९ च्या रात्री साडेअकराला झाकीरभाईंचं सोलो लावलं आणि बाराच्या ठोक्याला टिंबालँड. तबल्यावरून तबल्यावर. केक कापायचा राहिला बाजूला.

तारखेवर विश्वास किती ठेवायचा हा मोठा विषय आहे. आमच्या बाबांचा कागदोपत्री वाढदिवस १ जून. शाळेत घालताना मास्तरांनी टाकून दिलेली तारीख, त्यांच्या पिढीत असे किती १ जूनवाले असतील मोजायची सोय नाही. म्हणजे बाबांना रोलिंग स्टोन्सचा गिटारवाला रॉनी वुड (१९४७) आणि गायिका अलानिस मॉरिसेट (१९७४) हे जुळे मास्तरकृपेने मिळाले, तिथीने बघायला गेलं तर आजी म्हणायची ह्याचा जन्म पोळ्याचा. आम्ही दोन्ही करतो, पोळ्याला पुरणपोळी आणि १ जूनला रोलिंग स्टोन्स.

मोठ्या लोकांचंही असंच असतं. जॅझवाला लुई आर्मस्ट्राँग आयुष्यभर सांगत आला की माझा जन्म ४ जुलै १९०० चा, तो गेल्यावर चर्चचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर सापडलं त्यात निघाली ४ ऑगस्ट १९०१. म्हणजे तो आपोआप किशोर कुमारचा (४ ऑगस्ट १९२९) जुळा झाला, आणि दोघांच्या गळ्यातला दंगा बघता मला तर रजिस्टरच बरोबर वाटतं! इळैयराजांचं उलटं, जन्म ३ जूनचा पण त्या दिवशी करुणानिधींचा वाढदिवस, म्हणून ते स्वतःचा २ जूनलाच करतात. बेथोव्हेनचा तर बाप्तिस्माच नोंदलाय, १७ डिसेंबर १७७०, त्यामुळे जन्म १६ चा धरतात.

जर्मन संगीतकार बाखचं प्रकरण सगळ्यात भारी. १६८५ साली तो जन्मला तेव्हा त्याच्या गावात जुनं कॅलेंडर चालू होतं, त्यात तारीख २१ मार्च, आजच्या कॅलेंडरने ३१ मार्च. २१ धरलात तर शेजारी उस्ताद बिस्मिल्ला खान (२१ मार्च १९१६), ३१ धरलात तर हायडन (३१ मार्च १७३२). मी डोळे झाकून २१ धरतो, बाख आणि शहनाई एका रात्री मिळत असताना हायडनकडे कोण जाईल. तुम्ही काय ते तुमचं ठरवा, फक्त एकदा धरलं की बदलायचं नाही, सोयीने दोन्हीकडे मिरवलं की मामेसासरे असतातच.

एक सांगून ठेवतो, जुळे सापडले म्हणून ‘काय हा योगायोग, ग्रह बघा’ वगैरे सुरू करू नका. नुसते २३ लोक एका खोलीत असले तरी कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. तुमच्याच ठरावीक तारखेचा कोणीतरी हवा असेल तर तेवढ्याच शक्यतेसाठी २५३ लोक लागतात. आणि जगात नोंद झालेले संगीतकार हजारोंनी आहेत, त्यामुळे रिकामी तारीख मिळणारच नाही. नाव मिळणं सोपं आहे. त्या नावांचा एकमेकांशी धागा लावणं हे खरं काम, आणि मला त्यातच जास्त मजा येते.

आता ताईची तारीख, ८ सप्टेंबर. २०२४ ला तिची पन्नाशी होती, रविवार होता, नेमकी ऋषीपंचमी, आदल्या दिवशी गणपती बसलेले, ताई सहकारनगरला माहेरी आलेली. म्हणजे केक नाही, अळू-पडवळ-भोपळा-कणीस घातलेली ऋषीची भाजी आणि खाली मंडळाचा स्पीकर. यादी काढली तर आशा भोसले (१९३३, सांगली), भूपेन हजारिका (१९२६), चेक संगीतकार ड्वोर्झाक (१८४१), जिमी रॉजर्स (१८९७), पॅट्सी क्लाइन (१९३२), आणि स्वीडनचा प्रोड्युसर आविची (१९८९). ह्यांचं एकमेकांशी काय देणंघेणं? मी आठवडाभर रात्री बसलो.

तर निघालं असं. ड्वोर्झाक १८९२ ला न्यूयॉर्कला शिकवायला गेला, तिथे एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याकडून त्यांची भजनं ऐकून वेडा झाला. भूपेनदा १९४९ ला त्याच शहरात कोलंबिया युनिव्हर्सिटीत पीएचडीला गेले, तिथे कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन भेटला, आणि पुढे त्याच्या नदीच्या गाण्यावरून भूपेनदांची गंगा आली. झाला एक धागा. दुसरा म्हणजे जिमी रॉजर्स, रेल्वेतली नोकरी करून गाणारा, ज्याला कंट्रीचा बाप म्हणतात, मग कंट्रीच गाणारी पॅट्सी क्लाइन, आणि मग आविची, ज्याने २०१३ ला मायामीच्या फेस्टिव्हलमध्ये नाचायला आलेल्या पब्लिकपुढे बँजोवाले उभे केले. लोकांनी हुर्यो उडवली, आणि काही महिन्यांत तेच गाणं जगभर वाजत होतं. तिसरा धागा सापडला तेव्हा मी पहाटे दोनला बायकोला उठवलं (तिची प्रतिक्रिया इथे देत नाही). ड्वोर्झाकने १८९३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत एक स्ट्रिंग क्वार्टेट लिहिलं, दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. आणि २००५ साली आशाताईंनी पंचमची गाणी परत गायली ती अमेरिकेच्या क्रोनोस क्वार्टेटबरोबर. तीच चार वाद्यं! तबल्याला परत झाकीरभाई.

म्हणजे क्रम ठरलाच, सुरुवात ड्वोर्झाकच्या क्वार्टेटने, शेवट क्रोनोस आणि आशाताई, मध्ये बाकीचे. ड्वोर्झाकची फक्त चार मिनिटं लावली, अख्खी लावली असती तर काका उठून मंडपात गेले असते. हा नियमच समजा, अनोळखी गाणं चार मिनिटांच्या वर नाही आणि दोन अनोळखी गाण्यांनंतर एक पाठ असलेलं. प्रत्येकाआधी दोन वाक्यं बोला, तीन नाही. एका तासात दहाबारा गाणी होतात, त्याच्यावर ताणू नका. लिस्ट आधी डाउनलोड करून ठेवा, मध्येच जाहिरात आली की मूड गेला. रात्री दहानंतर आवाज घरापुरताच, गणपतीतले परवानगीचे ठरावीक दिवस सोडून नियम तोच आहे. रेकॉर्ड प्लेअर असेल तर बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारा, कधीकधी तबकडी मिळते, पण उजेडात तिरकी धरून ओरखडे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आपल्या गावाची म्हणून एखादी तारीख करायची असेल तर २६ जून करा. बालगंधर्व (१८८८) आणि गौहर जान (१८७३) दोघं त्याच दिवसाचे, बालगंधर्व रंगमंदिरही १९६८ ला त्याच तारखेला उघडलं. गौहर जानने १९०२ मध्ये भारतातल्या अगदी पहिल्या रेकॉर्ड केल्या, तबकडी तीन मिनिटांची, शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायची. ते ऐकवा, लहान पोरं ‘परत लावा’ म्हणतात. त्यांना पुढे आरियाना ग्रांडे (१९९३) लावा, तीही २६ जूनचीच. आणि दुसऱ्या दिवशी, २७ ला, पंचमचा (१९३९), त्यामुळे पसारा आवरू नका.

भाच्याचा वाढदिवस २९ फेब्रुवारीचा आहे, पुढचा थेट २०२८ ला. जुळा सापडलाय, इटलीचा संगीतकार रोसिनी, १७९२. एकूण ३९ ऑपेरा आहेत, माझे आत्ता कुठे दोन ऐकून झालेत.