नवरात्रासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी: दिवस कसे मोजायचे?

नवरात्र किंवा जोतिबाची चैत्र यात्रा जवळ आली की अनेक जणी पाळी लांबवायची गोळी मागतात. पाळीत कोल्हापूरच्या अंबाबाईच्या दर्शनाला गेल्याने शरीराला काही अपाय होत नाही, त्यामुळे गोळी घ्यायची की नाही हे जिचं तिने ठरवावं. घ्यायचीच असेल तर मात्र दिवस बरोबर मोजा. गोळी फसते ती बहुतेक वेळा चुकीच्या दिवशी सुरू केल्यामुळे.

आधी पाळी येते कशी ते पाहू. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून एफएसएच हे हॉर्मोन सुटतं आणि अंडाशयातली काही बीजकोषं वाढू लागतात. त्यांतलं एक पुढे जातं आणि इस्ट्रोजेन तयार करतं. गर्भाशयाचं अस्तर जाड होतं ते या इस्ट्रोजेनमुळे. इस्ट्रोजेनची पातळी सुमारे दोन दिवस चढी राहिली की पिट्युटरी एलएच हे दुसरं हॉर्मोन एकदम मोठ्या प्रमाणात सोडते, आणि तिथून साधारण ३६ तासांत बीज बाहेर पडतं. रिकाम्या बीजकोषाचा पिवळसर पिंड होतो. तो प्रोजेस्टेरॉन बनवतो आणि अस्तर टिकवून धरतो. गर्भ राहिला नाही तर १२ ते १४ दिवसांत हा पिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन कोसळतं, अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि अस्तर सुटून अंगावर जाऊ लागतं. पोटात कळा येतात त्याही याच प्रोस्टाग्लँडिनमुळे.

पाळी लांबवायची गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध. स्वतःचं प्रोजेस्टेरॉन उतरायच्या आत ही गोळी सुरू झाली तर अस्तर जागेवर राहतं. अस्तर सुटायला लागल्यावर बाहेरून कितीही दिलं तरी ते पुन्हा चिकटत नाही. म्हणून डाग दिसल्यावर गोळी घेण्यात अर्थ नसतो.

नेहमीचं प्रमाण ५ मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून ३ वेळा, अपेक्षित पाळीच्या ३ दिवस आधीपासून. अपेक्षित तारीख काढताना मागच्या चार-पाच महिन्यांतलं सगळ्यात लहान चक्र धरा, सरासरी नको. चक्रं २७, ३० आणि २८ दिवसांची असतील तर २७ धरायचं. पहिला दिवस म्हणजे नीट अंगावर जायला लागलं तो. आदल्या दिवशीचा नुसता डाग मोजायचा नाही. समजा, या हिशोबाने पाळी तिसऱ्या माळेला येते. तर गोळी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सुरू होईल आणि दसऱ्यापर्यंत चालेल: ११ दिवस, ३३ गोळ्या. तिथीची वृद्धी असेल तर एका दिवसाच्या ३ गोळ्या वाढवा. हे पंचांगात आधीच पाहून घ्यावं, कारण ऐन दसऱ्याला पट्टी संपलेली असते. गोळी थांबवल्यावर साधारण २ ते ३ दिवसांत पाळी येते, म्हणजे कोजागरीच्या आधीच.

तिन्ही वेळा सारख्या अंतराने ठेवा, उदाहरणार्थ सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. औषध शरीरातून लवकर उतरतं. ललिता पंचमीला कोल्हापुरात टेंबलाईच्या देवळाजवळच्या गर्दीत दुपारची गोळी राहिली तर संध्याकाळी डाग दिसू शकतो. आठवल्यावर लगेच घ्या, पण पुढची दुप्पट करू नका. पीसीओएस या अंडाशयाच्या विकारामुळे चक्र कधी २५ तर कधी ५० दिवसांचं होत असेल, तर हा हिशोब लागूच पडत नाही.

या गोळीने गर्भ राहायचा थांबत नाही, हे अनेकींना माहीत नसतं. गर्भनिरोधक गोळ्यांची २१ची पट्टी आधीच चालू असेल तर नॉरएथिस्टेरॉनची सहसा गरज पडत नाही. सात दिवसांची सुट्टी गाळून लगेच पुढची पट्टी सुरू करता येते. तेही डॉक्टरांना विचारूनच.

पायाच्या किंवा फुफ्फुसाच्या शिरेत पूर्वी गुठळी झाली असेल, यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, कारण न कळलेला रक्तस्राव किंवा गर्भ राहिल्याची शंका असेल तर ही गोळी घेऊ नये. नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून गुठळीचा धोका वाढू शकतो. वजन फार असेल किंवा डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. ते दुसरं औषध देतील. शेजारणीच्या उरलेल्या पट्टीवर काम भागवू नका. पोट फुगणं, स्तन दुखणं, मळमळ, चिडचिड हे त्रास होतात आणि गोळी थांबली की जातात. पण एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, छातीत कळ आली किंवा दम लागला, तर गोळी बंद करून थेट कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाचा किंवा जवळच्या दवाखान्याचा तातडीचा विभाग गाठा.

गोळी थांबवून १० दिवस झाले तरी अंगावर गेलं नाही, तर आधी गर्भचाचणी करा; ती होईपर्यंत पाळी आणायची गोळी घेऊ नका.