चाळिशीच्या तोंडावर टेनिस शिकताना: नवीन सुरू करणाऱ्यांसाठी माझा अनुभव

जानेवारी 2019 मध्ये पुण्यात बालेवाडीला टाटा ओपन महाराष्ट्र या टेनिस स्पर्धेची फायनल बघायला गेले होते, केविन अँडरसन विरुद्ध इव्हो कार्लोविच, तीनच्या तीन सेट टायब्रेकरला गेले आणि शेवटी अँडरसन जिंकला, पण माझ्या डोक्यात राहिला तो कार्लोविच, कारण तो तेव्हा 39 वर्षांचा होता आणि मी 38 ची. घरी येताना गाडीतच नवऱ्याला सांगितलं की मी टेनिस शिकणारे. पुढच्या सोमवारी सकाळी सहाला कोर्टवर हजर.

आधी एक गोष्ट सांगते. माझ्या बॅचमधले चार जण पहिल्या तीन महिन्यांत सोडून गेले आणि खरंच सांगते, त्यांच्यात काही कमी नव्हतं. फक्त सगळ्यांना पहिल्या दिवसापासून फुल कोर्टवर, नेहमीच्या पिवळ्या बॉलने, जोरात मारायचं होतं. सरांनी मला काय दिलं तर ऑरेंज बॉल, आणि उभं कुठे केलं तर बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवर नाही, नेटजवळच्या चौकोनात, सर्व्हिस बॉक्समध्ये, नेटपासून चार पावलांवर. शेजारच्या कोर्टवर आठ-नऊ वर्षांची मुलं त्याच बॉलने खेळत होती. मला वाईट वाटलं, तसं मी सरांना बोललेही. ते म्हणाले, "मॅडम, बॉल हळू आला की पाय लावायला वेळ मिळतो. लहान मुलांपेक्षा तो वेळ तुम्हाला जास्त लागणारे."

ते पुढे शंभर टक्के पटलं. ऑरेंज बॉल नेहमीच्या बॉलपेक्षा साधारण 50 टक्के हळू, हिरव्या ठिपक्याचा 25 टक्के. 10 वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांना तर आयटीएफने (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने) 2012 पासून हे हळू बॉल सक्तीचेच केलेत, म्हणून आपल्याकडे ते मुलांचे बॉल समजले जातात, पण कोर्ट 23.77 मीटर लांब आहे हो, नवशिक्याला तेवढ्या लांबून आलेला बॉल समजेपर्यंत तो मागच्या जाळीला लागलेला असतो. मी दोन महिने ऑरेंज, मग तीन महिने ग्रीन, आणि मगच साधा बॉल असं केलं. तुमच्या सरांनी स्वतःहून दिले नाहीत तर मागून घ्या, अजिबात लाजू नका.

दुसरं म्हणजे पाय. आपल्याकडे बहुतेक लोक बॅडमिंटन नाहीतर क्रिकेटमधून येतात. बॅडमिंटनवाल्यांना मनगट झटकायची सवय असते (मला होती, सोसायटीत वीस वर्षं खेळत होते) आणि क्रिकेटवाले बॅट फिरवल्यासारखी रॅकेट फिरवतात. दोन्ही सवयी हळूहळू जातात, पण त्या घालवायच्या मागे लागण्यापेक्षा स्प्लिट स्टेप शिका. समोरचा बॉल मारणार त्या क्षणी तुम्ही जागच्या जागी एक छोटीशी उडी मारायची, दोन्ही पाय खांद्याएवढे फाकलेले, टाचा हलक्या, आणि खाली टेकता टेकता कुठल्या बाजूला जायचं ते ठरतं. बस एवढंच. मी पंधरा दिवस रॅकेट न घेता फक्त हे केलं, मार्कर (सरावाला बॉल मारून देणारा मुलगा) बॉल मारायचा आणि मी उडी मारून त्या बाजूला दोन पावलं जायचे. सोळाव्या दिवशी रॅकेट हातात घेतली तर बॉल आपोआप कमरेच्या उंचीला, शरीराच्या थोडा पुढे मिळायला लागला, आणि रॅकेटच्या मध्यावर नीट बसलेल्या बॉलचा तो भरीव आवाज मी पहिल्यांदा स्वतःच्या हातून ऐकला.

आता रॅकेट, कारण इथे मी दोन महिने गमावले. दुकानदाराने मला 305 ग्रॅमची, प्रो लोक वापरतात तसली रॅकेट दिली, पॉलिएस्टरचं गटिंग (रॅकेटच्या तारा), तेही 58 पौंडाला घट्ट. पाचव्या आठवड्यात उजवं कोपर दुखायला लागलं, आधी फक्त बॅकहँडला, मग चहाचं पातेलं उचलताना, मग पंचा पिळता येईना. टेनिस एल्बो. फिजिओने सहा आठवडे खेळ बंद करायला लावला आणि एक साधा व्यायाम दिला: हात टेबलवर, तळवा खाली, हातात एक किलोचा डंबेल, डाव्या हाताच्या आधाराने मनगट वर न्यायचं आणि आधार सोडून अगदी सावकाश खाली आणायचं. तो मी आजही करते. तुम्ही सुरुवातीलाच 270 ते 285 ग्रॅमची, 100 ते 105 स्क्वेअर इंच हेडची रॅकेट घ्या, गटिंग मल्टिफिलामेंट (बारीक धाग्यांचं, मऊ) किंवा सिंथेटिक, 50 पौंडाच्या आसपास. ग्रिप धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट बसायला हवं. बूट टेनिसचेच, रनिंगच्या बुटात आडवं पळताना पाय मुरगळतो.

क्लास लावायच्या आधी एक दिवस नुसतं जाऊन बघा. आठ जणांची रांग आणि एक बास्केट असेल तर तासाभरात तुमच्या वाट्याला फार बॉल येत नाहीत. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा दोघा-तिघांतच शिका आणि एक दिवस एकट्याने भिंतीवर बॉल मारा.

सर्व्हिसची घाई नको, पण टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी बॉल वर उडवणं, घरी करता येतो. पावसाळ्यात आमचं कोर्ट कित्येक दिवस ओलं असायचं तेव्हा मी पार्किंगमध्ये रोज पन्नास टॉस करायचे. बॉल मुठीत नाही, बोटांच्या टोकांवर, पाण्याने भरलेला पेला उचलतो तसा हात सरळ वर, आणि तो न मारता खाली पडू द्यायचा, पुढच्या पायाच्या साधारण फूटभर पुढे पडला की बरोबर. तिथे खडूने खूण करून ठेवा.

आणि एक छोटी वही ठेवा. गुण-बिण सोडा, त्या दिवशीची सगळ्यात लांब रॅली किती शॉटची झाली तेवढंच लिहायचं. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात 4 आहे, सहाव्यात 11, मधली पानं कोपरामुळे कोरी. वर्ष होत आलं तेव्हा एका रविवारी आमच्या क्लबातल्या 62 वर्षांच्या काकूंबरोबर क्रॉसकोर्ट, म्हणजे कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यात, खेळत होते, बॉल जुना, केस गेलेला, काकू मोठ्याने मोजत होत्या, पंचविसाच्या पुढे गेल्यावर त्यांनी मोजणं थांबवलं आणि नुसत्या हसायला लागल्या, म्हणून पुढचे मी मनात मोजले. त्या पानावर 31 लिहिलंय.