एसक्यूलाइटमध्ये टेबलची रचना बदलताय? या चुका टाळा

एसक्यूलाइट हा एकाच फाइलमध्ये राहणारा छोटा डेटाबेस; त्याच्या 'ऑल्टर टेबल' या रचना बदलायच्या आज्ञेत कॉलमचा टाइप बदलायची सोय नाही. नवं टेबल बांधा, डेटा त्यात ओता, जुनं पाडा, नव्याला जुन्याचं नाव द्या. पायऱ्या चारच, पण घाईत क्रम चुकतो आणि डेटा जातो.

सगळ्यात महागात पडते ती 'प्राग्मा फॉरेन_कीज = ऑफ' (टेबलांमधले दुवे, म्हणजे फॉरेन की, पाळणं बंद करणारी सेटिंग) ही ओळ 'बिगिन'नंतर, म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांचा गट) उघडल्यावर, लिहिण्याची चूक. ट्रान्झॅक्शन सुरू असताना हा प्राग्मा काहीच करत नाही, एररही देत नाही. समजा 'ग्राहक' टेबल बदलायचंय आणि 'बिले' टेबल त्याला 'ऑन डिलीट कॅस्केड'ने (मूळ ओळ गेली की जोडलेलीही जाते) जोडलंय. 'ड्रॉप टेबल ग्राहक' चालवलं की टेबल पाडण्याआधी त्यातल्या सगळ्या ओळी डिलीट होतात, आणि फॉरेन की चालूच असल्याने त्यांच्यामागोमाग सगळी बिलंही. कमिट, म्हणजे बदल पक्के करणं, सुरळीत होतं. 'फॉरेन_की_चेक'ही गप्प राहतो, कारण रिकाम्या टेबलात तुटलेला दुवा सापडणार कुठून? म्हणून बिगिनच्या आधीच प्राग्मा चालवा आणि नुसतं 'प्राग्मा फॉरेन_कीज' विचारून 0 येतंय का पाहा. मायग्रेशन टूल (रचनेतले बदल आपोआप चालवणारं) स्वतःच ट्रान्झॅक्शन उघडत असेल तर हे हमखास तपासा. शिवाय जोडलेल्या प्रत्येक टेबलच्या ओळी सुरुवातीला आणि कमिटआधी मोजा. दोन मिनिटं लागतात. तीही ज्याला नको वाटतात त्याने ग्राहकाच्या डेटाला हात लावू नये.

दुसरी चूक म्हणजे आधी जुन्या टेबललाच 'ग्राहक_जुने' नाव देणं. एसक्यूलाइट 3.26 पासून नाव बदललं की दुसऱ्या टेबलांतले फॉरेन कीचे संदर्भही बदलतात. 'बिले' आता 'ग्राहक_जुने'शी जोडलं जातं. ते पाडलं की पुढचं बिल घालताना 'नो सच टेबल'. नाव बदलायचं ते नव्या टेबलचं, आणि तेही शेवटी.

डेटा ओतताना 'सिलेक्ट *' (सगळे कॉलम) नको, कॉलमांची नावं लिहा. जुन्या टेबलबरोबर त्याचे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) आणि ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारा कोड) जातात. त्यांचा एसक्यूएल 'एसक्यूलाइट_मास्टर' या अंतर्गत टेबलमधून आधीच काढून ठेवा.

कॉलम काढून टाकणारं 'ड्रॉप कॉलम' एसक्यूलाइट 3.35 मध्ये, म्हणजे 2021 साली आलं. अँड्रॉइड 11 मध्ये 3.28 आहे, तिथे ते चालणार नाही.

'रायटेबल_स्कीमा' चालू करून स्कीमाचा (टेबलांच्या रचनेचा) मजकूर हाताने बदलायचा शॉर्टकट नवख्यांनी घेऊच नये. एक स्वल्पविराम चुकला तर डेटाबेस उघडत नाही.

बॅकअप 'व्हॅक्यूम इन्टू'ने (नव्या फाइलमध्ये पूर्ण प्रत काढणारी आज्ञा) घ्या. डब्ल्यूएएल (वॅल) मोडमध्ये, जिथे बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिले जातात, नुसती डीबी फाइल कॉपी केली तर शेवटचे बदल वॅल फाइलमध्येच राहून जाऊ शकतात.