मायासारखं वावर कोणाचं? माती अहवालातून शोधायची रीत

दर्यापूरकडच्या खारपाण, म्हणजे खाऱ्या पाण्या-मातीच्या, पट्ट्यात माती परीक्षणाचा कागद हातात पडला की शेतकरी पहिलं विचारतो, "मायासारखं वावर अजून कोणाचं हाय, अन् तो काय पेरते?" साध्या शोधात हे सापडत नाही. सामू (पीएच, माती किती आम्ल वा विम्ल ते सांगणारा आकडा) ८.४ टाकला तर ८.३ वालं वावर दिसतच नाही. आपल्याला तोच आकडा नको, जवळचा हवा. त्याला गूगल शीट पुरते.

मृद आरोग्य पत्रिकेवर, म्हणजे माती परीक्षणाच्या त्या कागदावर, १२ घटक असतात. एका ओळीत एक अहवाल, एका रकान्यात एक घटक. एकक फक्त शीर्षकात लिहा. आकड्याला 'किलो' चिकटवलं की हिशेब अडतो. जस्त तपासलंच नसेल तर खाना रिकामा ठेवा. शून्य टाकलं तर न तपासलेलं वावर जस्ताविना कंगाल ठरतं.

खरी मेख पुढं आहे. समजा तुमचा सामू ८.४, क्षारता (विद्राव्य क्षारांचं प्रमाण) ०.९, पालाश (पोटॅश) ४२०. पहिलं वावर ८.३, ०.८, ४६०. दुसरं ७.३, ०.३, ४१५. नुसत्या फरकानं दुसरं जवळचं ठरतं, कारण पालाशचे आकडे मोठे, तेच सगळ्यांना दाबतात. शेतकरी मात्र पहिलंच आपल्यासारखं म्हणेल. म्हणून प्रत्येक आकड्यातून त्या रकान्यातला सर्वांत लहान आकडा वजा करा आणि रकान्याच्या लहान-मोठ्यातल्या फरकानं भागा. सगळं ० ते १ मध्ये येतं. सामू ७ ते ९, क्षारता ०.१ ते २.१, पालाश २०० ते ७०० धरलं, तर फरकांचे वर्ग, त्यांची बेरीज, मग वर्गमूळ असं केल्यावर पहिल्याचं अंतर ०.११ येतं, दुसऱ्याचं ०.६३. वर्गांच्या बेरजेला 'सम एक्स एम वाय २' (SUMXMY2) हे तयार सूत्र आहे. अंतराचा रकाना चढत्या क्रमानं लावा, वरची पाच वावरं बघा.

आमच्या भागात सामू आणि क्षारता यांना जास्त मान द्यावा, असं माझं मत. ० ते १ मध्ये आणलेले ते दोन रकाने २ नं गुणा. पण वर्ग केल्यावर तो भार चौपट होतो, त्यामुळं याहून वर जाऊ नका.

ऑनलाइन टाकताना नाव, मोबाइल, गट क्रमांक काढा; गाव, साल आणि पीक राहू द्या. शीट 'फक्त बघण्यासाठी' ठेवा. लिंकच्या शेवटी 'एडिट'च्या जागी इंग्रजीत 'कॉपी' लिहून पाठवा, म्हणजे ज्याचा त्यानं आपल्या प्रतीत आपले आकडे टाकावेत.