भिलीतलं बोलकं पुस्तक मोबाईल नि कॉम्प्युटरवर कसं बनवायचं

आपण इंदूरची मराठी माणसं घरी मराठी नि शाळेत हिंदी अशातच वाढलो, पण आपल्याला हिंदी गल्लीत खेळता खेळताच येत होती. झाबुआ-अलीराजपूरच्या पाड्यावरच्या पोराला तेवढंही मिळत नाही. त्याच्या घरची भाषा भिली, म्हणजे भिल्लांची बोली. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे १ कोटीच्या वर होते, तरी पहिलीत त्याच्या हातात येतं ते हिंदी पुस्तकच. म्हणून त्याच्यासाठी भिलीतलं, आवाज असलेलं पुस्तक बनवूया.

सुरुवातीला लॅपटॉप उघडूच नका. आपली गोष्ट भिलीत भाषांतर करून नेली तर ती शहराचीच राहते, म्हणून गावातल्या आजीला विचारा, चैतात पहाटे महुआ (मोहाची फुलं) वेचायला कसे जाता, टोपली कोण घेतं, होळीच्या भगोरिया बाजारात काय घेता, आणि मग फक्त ऐका. रेकॉर्ड करायच्या आधी परवानगी घ्या नि पुस्तकावर नाव टाकू का तेही विचारा.

फोन एअरप्लेन मोडवर टाकून गोधडीच्या घडीवर, तोंडापासून वीतभर लांब ठेवा, पंखा बंद. फोटो तिथलेच काढा, सकाळच्या उन्हात. घराच्या भिंतीवरचं पिठोरा चित्र मात्र कव्हरवर डेकोरेशन म्हणून लावू नका, नवस फेडायला काढतात ते, घरच्यांना विचारल्याशिवाय नाहीच.

आता लिहिणं, आणि खरी चूक इथेच होते. देवनागरी चालते, पण भिलीत बऱ्याच ठिकाणी 'स' चा 'ह' होतो, सातला 'हात' म्हणतात. आपल्या कानाला तो हात वाटतो आणि आपण पटकन 'सात' करून टाकतो. करू नका! पोरगं जसं बोलतं तसंच लिहा, आणि गावातल्याच शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचून घ्या, कारण दहा-वीस कोसांवर शब्द बदलतो.

मग कॉम्प्युटरवर ब्लूम नावाचं फ्री सॉफ्टवेअर टाका. एका पानावर एक फोटो, एक वाक्य, अक्षर मोठं. वाक्यावाक्याला आवाज जोडता येतो, वाचताना ते वाक्य रंगतं, नि शेवटी व्हिडिओ किंवा छापायला पीडीएफ काढता येते. चित्रांचा नमुना बघायचा तर स्टोरीवीवर या वेबसाइटवर फुकट गोष्टी आहेत.

नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, मेमरी कार्डात घालून न्या. वर्गात लावलं की पुस्तकाकडे नाही, पोरांच्या तोंडाकडे बघा, चुकीच्या शब्दाला ती खुदकन हसतात, तो शब्द तिथेच वहीत टिपा, आजीकडून पुन्हा म्हणवून घ्या नि ते पान बदला.