वॉर्डातून घरात न्यायचंय? मग निघण्याआधी हे वाचा

मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं राहिलेल्या चार-पाच जणींना भाड्याच्या घरात न्यायचंय, सोबतीला केअरगिव्हर ठेवायच्यात, तर तयारी काय लागते असं सारखं विचारणं होतंय, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी बोलतेय ते सोप्या केसेसबद्दल नाही. आजार आहे, वर बौद्धिक अपंगत्व आहे, फिट्स येतात, बोलणं नाही किंवा दोन-चार शब्दांपुरतं आहे, घरचे कोणी येत नाहीत, अशांबद्दल. गाद्या, चादरी, कुकर, फर्स्ट एड बॉक्स हे तुम्हाला कळतंच, त्यावर शब्द घालवत नाही.

सगळ्यात आधी ती गोष्ट जी आमच्या पहिल्या घराच्या वेळी राहिली आणि जी कुठल्याच फॉर्ममध्ये नसते: रात्रपाळीच्या मावशींशी बोला. दिवसपाळीच्या नव्हे, रात्रपाळीच्या. दिवसवाल्यांशी तुम्ही बोलणारच, कारण आपण सगळे अकरा ते चार वॉर्डात असतो, सिस्टरांबरोबर चहा घेतो, सोशल वर्कर फाइल काढून देतात आणि आपल्याला वाटतं झालं की सगळं कळलं. रात्रीबद्दल फाइलमध्ये असतं 'झोप व्यवस्थित'. बास. आमच्याकडची एक ताई, अजिबात बोलत नाही, नव्या घरात एका रात्री उठून उजव्या कानावर फाडफाड थपडा मारायला लागली, थांबेना. केअरगिव्हर घाबरली, आम्ही म्हटलं आजार उलटला, डॉक्टरांना फोन, डोस वाढवला, ताई दिवसभर पेंगायला लागली आणि थपडा चालूच. शेवटी जुन्या वॉर्डातल्या मावशींशी कोणीतरी वेगळ्याच कामासाठी बोलत होतं तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "अगं दाढ दुखत असंल तिची, दुखली की कानच बडवते ती, लवंग धरायची मी." दाढ किडलेलीच निघाली. हे त्या बाईला माहीत होतं, तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि आपण मात्र सगळी असेसमेंट शीट भरून बसलो होतो.

तर विचारायचं काय? कोण दिवा चालू असल्याशिवाय झोपत नाही, कोण पलंगाखाली झोपतं, कोण कोणाच्या शेजारीच झोपतं, रात्री कोण किती वाजता उठतं आणि उठून काय करतं, कोण अंथरुण ओलं करतं आणि त्याआधी उठवलं तर करत नाही, कोणाला झोपेत फिट येते, गोळी गालात धरून नंतर थुंकणारी कोण, दुखलं की कोण काय करतं. हे सिस्टर इन्चार्जसमोर विचारू नका, मावशी काही बोलणार नाहीत, त्यांना वाटतं आपली तक्रार होणार. सकाळी पाळी सुटली की गेटबाहेरच्या टपरीवर चहा पाजा आणि तिथे बोला. आणि मावशी एक नसते, रात्रपाळी फिरती असते, निदान दोघींशी बोला. जमलं तर अधीक्षकांकडून लेखी परवानगी काढून एक रात्र स्वतः वॉर्डात बसा. कंटाळा येईल, डास चावतील, बसा.

आता बाकीचं. जिला न्यायचं तिला विचारलंय का? म्हणजे खरंच. "ताई, घरी जायचं ना?" याला सगळ्या हो म्हणतात, कारण 'घर' म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर माहेर येतं, तुमचा टू बीएचके नाही. आधी घर दाखवायला न्या, चहा करून प्या तिथे, परत आणा, पुन्हा न्या. बोलत नसेल तर बघा की रिक्षातून उतरते की नाही, आत जाऊन कुठे बसते. कायद्यात याला जागा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १९, सरळ म्हणतं की घरचे नाहीत, घरच्यांनी नाकारलं किंवा समाजात सोय नाही एवढ्याच कारणावरून कोणालाही दवाखान्यात ठेवून घ्यायचं नाही. कलम ९१ मध्ये रजेवर सोडायची तरतूद आहे, काही दिवस राहून बघायला ती वापरता येते. कलम ९८ डिस्चार्ज प्लॅनिंगचं, म्हणजे मनोविकारतज्ज्ञांनी त्या व्यक्तीशी आणि तिची काळजी घेणाऱ्यांशी बोलून पुढचा आराखडा ठरवायचा. प्रिंट काढून बरोबर ठेवा. वाद घालायला नाही, पण टेबलावर ठेवलं की बोलणं जरा वेगळं होतं. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत तिला मदत करणारी आणि गरज पडली तर तिच्या वतीने सही करणारी व्यक्ती कोण, तेही आत्ताच ठरवा, नंतर मध्यरात्री सहीसाठी पळापळ होते.

कोण कोणाबरोबर राहणार हे वय, निदान, अपंगत्वाची टक्केवारी बघून ठरवू नका. वॉर्डात ज्या जोड्या जमल्यात त्या तोडू नका. एक दुसरीची वेणी घालते, दुसरी तिच्या ताटातली भाकरी मोडून देते, असं असतं. या जोड्या कोणाला माहीत असतात? बरोबर.

घर तळमजल्यावर बघा. चौघी-पाचजणींपेक्षा जास्त नको, नाहीतर तो छोटा वॉर्डच होतो. तमिळनाडूत 'द बन्यन' या संस्थेने आपला 'होम अगेन' प्रकल्प याच आकड्यावर बसवला, साध्या वस्तीतली भाड्याची घरं, चार-पाच जणी आणि मदतीला बायका. संडास-बाथरूमची कडी बाहेरून उघडता येईल अशी हवी, फिट येणारी आत अडकली तर दार तोडत बसाल. गुडघे गेलेल्यांना कमोड, पण ज्यांनी जन्मात वापरलेला नाही त्यांना भारतीय संडासच. घरमालकाला खरं सांगा. 'लेडीज हॉस्टेल आहे' असं सांगून घेतलेलं घर शेजाऱ्यांच्या पहिल्या तक्रारीत जातं. भाडेकरार संस्थेच्या नावाने, पोलिसांत भाडेकरूंची माहिती. आणि रात्री बंद न होणारा एक छोटा दिवा पॅसेजमध्ये आणि एक संडासात. वॉर्डात रात्रभर ट्यूबलाइट असते हो! वीस वर्षं उजेडात, पन्नास जणींच्या घोरण्यात झोपलेल्या बाईला तुम्ही एकदम काळोख्या शांत खोलीत ठेवता आणि सकाळी लिहिता 'अस्वस्थ होती'. कोणाला किती उजेड लागतो ते आधी विचारा. कोणाला विचारायचं ते वर लिहिलंय.

कागद. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात लांबणारं काम आहे, म्हणून घर शोधायच्या आधी सुरू करा. आधार, बँक खातं, दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र), मग संजय गांधी निराधार योजनेच्या पेन्शनचा अर्ज. दवाखान्यात एक नाव, आधारवर दुसरं, प्रमाणपत्रावर तिसरं स्पेलिंग असं असतंच, एकच ठरवा आणि सगळीकडे तेच लावा. ज्यांचा काहीच पुरावा नाही त्यांच्यासाठी संस्थाप्रमुखाच्या सहीचं प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात लागतं. आधारचं एनरोलमेंट डुप्लिकेट म्हणून रिजेक्ट झालं तर वैतागू नका, म्हणजे तिचं आधार आधीच कुठेतरी निघालेलं आहे, आणि त्यावरून घरचा पत्ता लागल्याच्या घटना घडल्यात. (पत्ता लागला म्हणून लगेच फोन लावू नका. आधी तिला विचारा. सगळ्यांनाच ते घर हवं असतं असं नाही.) निराधारसाठी राज्यात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा मागतात, तेव्हा दवाखान्याचं ॲडमिशनचं रेकॉर्ड कामी येतं, त्याची साक्षांकित प्रत घेऊनच बाहेर पडा. बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा, एक लाखापर्यंत. नुसत्या मानसिक आजाराला तो मिळत नाही, उगाच फॉर्म भरू नका.

औषधं. निघताना निदान महिनाभराची हातात आणि पुढची कुठून मिळणार हे लेखी. 'सकाळी पिवळी, रात्री पांढरी' असा चार्ट बनवू नका, सरकारी खरेदीत कंपनी बदलली की पिवळी पांढरी होते. नाव आणि मिलिग्रॅम लिहा. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरची गोळी) कोणाला चालू आहे ते ठळक लिहा, कारण त्याला रक्ताची तपासणी लागते, नवीन सुरू असेल तर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला आणि मग अंतर वाढत जातं, ती कुठे करणार, सॅम्पल कोण नेणार, आधी ठरवा. त्याच गोळीने बद्धकोष्ठ इतकं होऊ शकतं की आतडं अडून जीवावर बेततं, म्हणून संडासला झाली की नाही याची वही ठेवा, लाज वाटून घेऊ नका. आणि विडी! पुरुषांचं घर करत असाल तर हे दोनदा वाचा. विडी-सिगरेटच्या धुराने क्लोझापिन अंगातून लवकर निघून जातं, म्हणजे वॉर्डात विडी बंद होती आणि घरी आल्यावर सुरू झाली तर तोच डोस कमी पडतो, उलट ओढणाऱ्याने एकदम सोडली तर तोच डोस जास्त होऊन गुंगी, फिट. मिश्री-तंबाखूने हे होत नाही, धुराने होतं. म्हणून विडीत काही बदल झाला की डॉक्टरांना कळवायचं, ओरडायचं नाही. ओरडलात की लपून ओढतील आणि तुम्हाला कळणारच नाही. लिथियम (मूड स्थिर ठेवायची गोळी) असेल तर उन्हाळ्यात भरपूर पाणी, आणि अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून ब्रुफेन-डायक्लो आणून द्यायचं नाही, रक्तातलं लिथियम वाढतं. फिटसाठी तातडीचं औषध काय, किती मिनिटांनी द्यायचं, हे डॉक्टरांच्या सहीने फ्रिजवर चिकटवा. रात्रीची गोळी वॉर्डात कोण देत होतं? रात्रपाळीच्या मावशी. केळ्यातून देत होत्या, चहात बुडवून, की ती गिळेपर्यंत समोर बसून? चार्टमध्ये नाही हे. विचारा!

जेवण. वॉर्डात पंगत उरकायची घाई असते आणि शेजारची आपलं ताट ओढेल ही भीती, त्यामुळे कित्येक जणी न चावता गिळतात. ताट छातीशी धरून, डावा हात ताटाभोवती, अख्खी पोळी चार घासांत. त्यात दात नाहीत आणि औषधांनी गिळायची ताकद कमी, म्हणजे घास अडकणारच. पहिले काही महिने मऊ भात, पोळी कुस्करून, केअरगिव्हर शेजारी बसून जेवणारी, उभी राहून वाढणारी नको. घास अडकला तर काय करायचं हे सगळ्यांना प्रत्यक्ष करून शिकवा, व्हिडिओ फॉरवर्ड करून नाही.

केअरगिव्हर त्याच गावातल्या घ्या, सुट्टीच्या दिवशी कोण येणार ते आधी ठरवा. 'पेशंट' म्हणायचं नाही, ताई, आजी, जे वयाला शोभेल ते. रात्री एकजण तरी जागी राहणारी हवी, निदान सुरुवातीला. आणि शक्य असेल तर वॉर्डातल्या रात्रपाळीच्या एका मावशींना पहिल्या काही रात्री घरी झोपायला बोलवा, सुट्टी टाकून येतात त्या, जाण्यायेण्याचं भाडं आणि मानधन द्या, फुकटात बोलवू नका. कितीही प्रश्न विचारले तरी हातांना जे माहीत असतं ते तोंडाने सांगता येत नाही, तुमच्या केअरगिव्हरने ते बघितलं पाहिजे. हे परत परत लिहितेय कारण लोक मान डोलावतात आणि करत नाहीत. बजेटमध्ये ओळ टाका, 'रात्रपाळी मावशी, प्रवास व मानधन'. फंड देणारे विचारतील हे काय, सांगा त्यांना.

पहिला आठवडा. उद्घाटन नको. शाल-श्रीफळ नको, नगरसेवक नको, बॅनर नको, फेसबुकवर फोटो तर नकोच, संमती कोणाची घेतलीत? सत्यनारायण घालायचाच तर त्यांना हवा असेल तेव्हा, महिन्याभराने. घरात माणसं कमी. कुठे बसायचं, काय नेसायचं, चहात साखर किती, हे त्यांना ठरवू द्या, ठरवायची सवय गेलेली असते, वेळ लागतो. कोणी दारातच उभी राहील परवानगीची वाट बघत. राहू द्या, ओढू नका.

नंतरचं थोडक्यात, दमले मी. पुन्हा ॲडमिट करावं लागलं तर ते अपयश नाही, पण घरातली तिची जागा आणि कपाट तसंच ठेवा आणि तिला तसं सांगा. वॉर्डशी भांडून निघू नका, त्यांची गरज पडते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ भिंतीवर. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी कुठल्या वारी असते ते कॅलेंडरवर. दातांचा डॉक्टर गाठून ठेवा, जो न बोलणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवू शकतो असा, सहज मिळत नाही. पेन्शनचा हयातीचा दाखला दरवर्षी. पैसे त्यांचे, पासबुक त्यांच्या कपाटात. काम वगैरे वर्षभराने बघा. भाडेकरार ११ महिन्यांचा असतो, नवव्याच महिन्यात मालकाशी बोला, आणि भाडं किती वाढवणार ते व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या.