वीज गेलेल्या दोन रात्री परत मिळाल्या

मे महिन्यात गोव्यातल्या बाणावलीच्या टाइमशेअर रिसॉर्टमध्ये (पैसे भरून सदस्य झालं की दरवर्षी ठरावीक रात्री राहायचा हक्क मिळतो, ती योजना) सलग दोन रात्री वीज नव्हती. जनरेटर फक्त लॉबीपुरता. सत्तरीतली आई रात्रभर वर्तमानपत्राने वारा घेत बसलेली, ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

तिथेच लेखी तक्रार दिली आणि प्रतीवर मॅनेजरची सही, तारीख, वेळ घेतली. पुढे हाच कागद कामी आला. कंपनीचं म्हणणं, दोष वीजखात्याचा. पण करारात खोल्यांना जनरेटरची सोय लिहिलेली होती, आणि देखभाल शुल्क आम्ही दरवर्षी वेळेवर भरतो! ते कलम जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्या राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगातही जाता येतं, हे कंपनीला कळवलं. तीन आठवड्यांत दोन्ही रात्री आमच्या सदस्यत्वाच्या खात्यात परत जमा झाल्या. शुल्कातली सूट अजून मागतोय.